गाळा नऊचा जमाखर्च

वागळे इस्टेट, रस्ता नंबर सोळा,
पापडाच्या कारखान्यामागे आमचा गाळा.
एक जुना लेथ, दोन शिकंजे, एक पंखा
जो फक्त स्वतःला वारा घालतो.
भाडं साडेनऊ हजार.
पाटी मीच रंगवली :
हौशी लेथकाम. महिना तीनशे.
हत्यारं आमची, हौस तुमची.

पहिल्या महिन्यात आला मीटर वाचणारा.
दुसऱ्या महिन्यात पत्ता चुकलेलं कुरिअर.

मग पत्रकं वाटली.
नौपाड्यात, कोलशेतच्या टॉवरांच्या गेटवर,
तिथल्या वॉचमननं दहा-बारा एकत्र दुमडून
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
कशाचा तरी तोल सावरला, म्हणायचं.

हमीद वस्ता, माझा भागीदार,
बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस,
मिशीतला पितळेचा चुरा झटकत म्हणाला,
"गिऱ्हाईक बोलावून येत नाही रे.
गिऱ्हाईक थबकतं."

आणि उरलेल्या तुकड्यातून त्यानं भोवरा काढला,
लिंबाएवढा. टोक सुईसारखं.
जोखूच्या टपरीवर बशी उपडी घालून सोडला तिच्या बुडावर.

आधी जोखू थांबला, चहा उतू जाईपर्यंत.
मग एक रिक्षावाला, मीटर चालू ठेवून.
पापडवाल्या बायका आल्या पिठाच्या हातांनी,
इंदू घाग त्यातली, जी मोठ्यानं आकडे मोजू लागली,
आणि एकशे साठाला तो कलंडला
तेव्हा सगळ्यांच्या तोंडून असा आवाज निघाला
जसा कुणाची तरी गाडी चुकल्यावर निघतो.
"परत," इंदू म्हणाली.

पुढच्या रविवारी सात जण.
त्यात दातांची डॉक्टर शाल्मली टिपणीस,
जिचा हात बघून हमीद हळूच म्हणाला,
ही पितळेला भूलसुद्धा देणार नाही.

आता दर रविवारी शर्यत, पन्नास रुपये प्रवेश,
कुणाचा भोवरा किती सेकंद.
वहीत मात्र पहिली जमा शर्यतीची नाही :
पितळेचा चुरा, सव्वादोन किलो, भंगारवाल्याकडून.
आमच्या चुकांना भाव आला, तोही वजनावर.

मग बेअरिंगवाले वोराशेठ आले.
दोन हजार महिना देतो, म्हणाले,
बक्षिसाच्या भोवऱ्यावर आमचं नाव कोरा.
मी लगेच हो म्हणालो.
मला भाड्याची तारीख दिसत होती.

कोरलं.
सोडला.
चाळीस सेकंदांत लग्नातल्या मामासारखा झुलायला लागला.
जिथे नाव, तिथलं पितळ गेलेलं.
एक बाजू हलकी.
हमीद काही बोलला नाही. त्यानं फक्त चष्मा पुसला,
आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

शाल्मली म्हणाली, नाव खोडता येणार नाही,
समोर तेवढंच खोल काहीतरी कोरावं लागेल.
काय कोरायचं? अर्धा तास वाद.
कुणी म्हणालं ठाणे, कुणी म्हणालं ओम,
रिक्षावाल्याला स्वतःचा बॅज नंबर हवा होता.
इंदू म्हणाली, "भाडं कोरा. तेही फिरतंच आहे ना
ह्यांच्या डोक्यात."

म्हणून एका बाजूला वोरा बेअरिंग्ज,
दुसऱ्या बाजूला ९५००,
आणि शून्यांच्या पोटात शाल्मलीनं
दाढेतली कीड काढावी तसं
आणखी केसभर पितळ काढलं.

ह्या महिन्यात सभासद एकतीस.
वीज, चहा, पितळेची कांब, सगळं जाऊन
शिल्लक सहाशे चाळीस.
पंख्याचं बघू.

भोवरा दोनशे अकरा सेकंद चालला.
फिरताना त्यावर काहीच वाचता येत नव्हतं,
ना नाव, ना रक्कम,
नुसता एक पिवळा, जागच्या जागी उभा थेंब.
वोराशेठही मोजत होते. गुजरातीत.

थांबला तेव्हा
भाडं वर आलं.